तापलेली गाडी आणि अक्काचा पाळणा

पुण्याला परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "आणि वाटेत चार्जिंग संपलं असतं तर?" वॉचमन विचारतो, दूधवाला विचारतो, बँकेत पासबुक भरायला गेलो तर काउंटरवरची मुलगीसुद्धा विचारते. पेट्रोलच्या गाड्या जशा कधी वाटेत बंदच पडल्या नाहीत! म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं. संपलं असतं तर काय झालं असतं ते मला ठाऊक नाही, पण संपत आलं तेव्हा काय झालं ते नक्की सांगतो.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर विजेवर चालणारी एसयूव्ही घेतली, तेव्हा बायको म्हणाली, "आता घरात आणखी एक फोन आला, रोज रात्री लावायला." कंपनी सांगते, एकदा बॅटरी भरली की साडेचारशे किलोमीटर. मी सांगतो साडेतीनशे, तेही चालवणारा शहाणा असेल तर.

पण गाडी घेतली ती खरी माझ्या अक्कासाठी. अक्का माझी थोरली बहीण, वडवणीच्या पुढे शेतातल्या वस्तीवर राहते. तिला गाडी लागते. लागते म्हणजे साधी नाही. डिझेलचा वास नाकात गेला की बाईचा चेहरा पांढरा पडतो आणि पुढचा थांबा येईपर्यंत तिच्यात काही उरत नाही. तिची एकुलती एक लेक मंदा उमापूरला दिली, त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत अक्काने लेकीचं घर पाहिलेलं नाही. तीनदा निघाली. एकदा वडवणीच्या स्टँडवरून परत आली, एकदा बीडला सलाईन लावून परत आली, आणि तिसऱ्यांदा कुठून परत आली ते तिने कुणाला सांगितलं नाही. मंदाचं पहिलं बाळंतपण माहेरीच झालं, तेव्हा निभावलं. आता दुसरं सासरी झालं, मुलगी झाली, आणि बारशाला पाळणा माहेरहून जायचा होता. अक्काने फोनवर विचारलं, "दत्त्या, तुझ्या त्या गाडीला वास येतो का रे?"

"नाही येत," मी म्हणालो. "त्यात जळतच नाही काही."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघालो.

नगर, आष्टी आणि एक घाट

पुणे-नगर रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, सगळ्यांनी तो भोगलेला आहे. नगरला एका हॉटेलच्या आवारात चार्जर आहे. गाडी लावली, मिसळ मागवली, आणि मिसळ येण्याआधी गाडीभोवती पाच माणसं आली. "किती देते?" हा पहिला प्रश्न. "टपावर सोलर लावलं तर?" हा दुसरा. तिसरा तुम्हाला माहीतच आहे. पाऊण तासात बॅटरी भरली, माझं पोटही भरलं.

आष्टीकडे निघालं की जमीन हळूहळू उघडी पडत जाते. जानेवारी होता. तुरी वाळायला लागल्या होत्या, ज्वारी कमरेएवढी हिरवी उभी होती, मधेच कापसाच्या पऱ्हाट्या. गावं मात्र अर्धी रिकामी. दिवाळीनंतर इथले कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडपी, कारखान्यांकडे निघून जातात. घरांना कुलपं, ओट्यावर म्हातारी माणसं आणि शेरडं. आष्टीत चहाला थांबलो. चहावाला गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "लाईटीवर चालती व्हय? आमच्याकडं तर लाईटच चालत न्हाई!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतका हसला की माझा चहा उतू गेला. त्याने दुसरा केला, आणि तो जास्त चांगला होता.

मांजरसुंब्याचा घाट उतरताना एक गंमत झाली. उतारावर ही गाडी चाकांच्या जोरावर बॅटरी भरून घेते. वर असताना पडद्यावर सत्तेचाळीस टक्के होते, खाली आलो तर एकोणपन्नास. वर्गात तीस वर्षं ऊर्जेचं रूपांतर शिकवलं, पण स्वतःला कधी दोन टक्के परत मिळाले नव्हते. मी एकटाच गाडीत मोठ्याने "शाब्बास" म्हणालो.

वस्तीवर

वडवणी सोडून वस्तीच्या कच्च्या रस्त्याला लागलो तेव्हा चौतीस टक्के उरले होते. गाडी थेट अंगणात नेऊन उभी केली, तरी कुणालाच पत्ता नाही. कुत्रं झोपलेलं. अक्का पाठमोरी बसून शेंगा फोडत होती. मी दार उघडल्यावर ती दचकली आणि शेंगांचं सूप आडवं झालं.

"आरं मुडद्या, आवाज तरी करायचास!" ही माझी अक्का, भाऊ दीड वर्षाने भेटतोय. तिच्या रागाला कारण होतं. वस्तीवर लांबून गाडीचा आवाज आला की चुलीवर आधण चढतं, आणि पाव्हणा अंगणात उतरतो तोवर चहाला उकळी फुटलेली असते. पुण्यात आपण आधी फोन करतो, मग बेल वाजवतो, आणि मग आतला माणूस विचारतो, चहा घेणार का? इथे आवाज म्हणजेच निरोप. माझी गाडी निरोप न देता आली, म्हणून माझ्या बहिणीला रिकाम्या चुलीपुढे भावाचं स्वागत करावं लागलं. ही गोष्ट तिने त्या दिवशी चार जणांना सांगितली.

गोठ्यातून दाजी आले. माझे मेहुणे. सत्तरीच्या पुढचे, अंगाने काटक, जन्म गेला जनावरांत. एक बैलजोडी, एक गाय, वीसेक शेरडं. त्यांनी गाडीभोवती सावकाश फेरी मारली, वाकून पोटाखाली पाहिलं, चाकावर थाप मारली, मग बोनेटवर तळवा ठेवला आणि पटकन उचलला.

"तापलीय की, मास्तर."

"पुण्याहून आलीय दाजी, तापणारच," मी म्हणालो. हे वाक्य बोललो नसतो तर पुढचं सगळं वाचलं असतं.

आता इथल्या लाईटीबद्दल सांगायला हवं. वस्तीवरची लाईट शेतीची. मोटारी चालतील अशी जोरदार, म्हणजे थ्री फेज, दिवसातून आठच तास येते. त्या आठवड्यात सकाळी नऊ ते पाच होती. बाकीच्या वेळात बल्ब कसाबसा लाल होतो. मी पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते, पण डीपीवरचा फ्यूज उडाला होता आणि वायरमन खांबाखाली उभा होता. "तासाभरात येईल," दाजी म्हणाले. मी हिशेब केला, चार तास जरी मिळाले तरी पंचवीस टक्के वाढतात. उमापूर पंच्याण्णव किलोमीटर. आरामात. मी विहिरीजवळच्या मोटारीच्या पेटीतून वायर आणली, गाडीजवळ सगळं मांडून ठेवलं आणि दाजींना दाखवलं, "लाईट आली की हे इथं खुपसायचं आणि हे बटण दाबायचं. एवढंच."

"एवढंच ना? निजा तुमी."

बाजरीची भाकरी, येसराची आमटी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि गाडग्यातलं दही. पुण्यात मी दोन चपात्यांवर उठतो. इथे चौथी भाकरी ताटात पडली तेव्हा मी विरोधही केला नाही. मग बाजेवर आडवा झालो. पहाटे तीनला उठलेला माणूस, वर ते दही. जाग आली तेव्हा पावणेपाच झाले होते.

विहिरीवरची मोटार मजेत चालू होती. पाटाने पाणी पळत होतं. म्हणजे लाईट होती! मी अंगणात आलो. दाजी गाडीजवळ घोंगडीवर बसले होते. वायरीचं वेटोळं मांडीवर, प्लग हातात. माझ्यासमोर त्यांनी बोनेटला हात लावला.

"अजून कोमट हाय," ते म्हणाले.

"दाजी! अहो दाजी, लाईट कधी आली?"

"एक वाजताच आली की."

"मग लावली का नाहीत गाडी?"

दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गातल्या ढ मुलाकडे पाहायचो. "मास्तर, एवढं लांबून दमून आलेलं जनावर. तापलेलं हाय. त्याला आल्या आल्या पाणी दावत असत्यात व्हय? थंड हुं द्यायचं, मग पाजायचं. आमी माळेगावच्या जत्रंला बैलं घेऊन गेलतो, चार मुक्काम चालत. एक बैल आजारी पडला न्हाई माझा."

चार तास तो भला माणूस माझ्या गाडीची राखण करत बसला होता. आणि बोनेट थंड कसलं होतंय, त्याच्यावर दुपारभर ऊन! मी ओरडलो. खोटं कशाला सांगू, चांगलाच ओरडलो. बॅटरी खाली असते, बोनेटमध्ये नसते, जनावर वेगळं, यंत्र वेगळं, मला उठवायचं तरी होतं.

"निजलेल्या पाव्हण्याला उठवत न्हाईत," दाजी पुटपुटले आणि त्यांनी घाईघाईने प्लग खुपसला. दिवा हिरवा झाला. बरोबर बारा मिनिटांनी पाच वाजले, लाईट गेली आणि दिवा लाल झाला.

"कावून वरडतोस त्यांच्यावर?" अक्का दारात उभी होती. मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "आता जाता यायचं न्हाई का रं?"

तिच्या आवाजाने माझा राग जागच्या जागी विझला. मग ती जे बोलली ते मला आजवर माहीत नव्हतं. मागच्या वर्षी मंदाची सासू म्हणाली होती, "तुझ्या आईला आमचं घर कमी वाटतं वाटतं. नऊ वर्षांत उंबरा शिवली न्हाई." मंदाने आईला गाडी लागते म्हणून सांगितलं, तर सासू म्हणाली, लागते गाडी सगळ्यांनाच, येणारी माणसं येतात.

"उद्या बी न्हाई गेले," अक्का म्हणाली, "तर त्या बाईचंच खरं व्हतं."

"जाता येतं," मी म्हणालो. "पस्तीस टक्के आहेत. एकशे दहा किलोमीटर जाईल. आणि बीडमध्ये चार्जर आहे." हे बोलताना मी दाजींकडे बघू शकत नव्हतो. रात्री जेवताना मीच त्यांच्या ताटात दही वाढलं, तेवढ्याने त्यांनी मला माफ केलं.

पाळणा टपावर

सकाळी आठला निघायचं ठरलं. सातपासून वस्ती अंगणात गोळा व्हायला लागली. अक्का नऊ वर्षांनी लेकीकडे चाललीय म्हटल्यावर कुणी रिकाम्या हाताने येईना. अर्धं पोतं बाजरी. पायलीभर शेंगदाणे. तुरीची डाळ. गुळाची ढेप. हुरड्याची कणसं, एक गाठोडं. मांडीएवढा लाल भोपळा. मी प्रत्येक वेळी मनात किलोमीटर वजा करत होतो आणि तोंडाने म्हणत होतो, "बसेल, बसेल." मास्तरची गाडी मोठी हाय असं म्हटलं की मास्तर काय बोलणार? शेवटी एक बाई जिवंत कोंबडी घेऊन आली. ती तेवढी मी नाकारली.

आणि पाळणा. दाजींनी स्वतः बाभूळ निवडून सुताराकडून करून घेतलेला, कोपऱ्यांना चार राघू, तेल पाजून काळाभोर केलेला. आत पोती असल्याने तो टपावर गेला. मला कळत होतं की ताशी साठच्या वेगाला टपावरचा पाळणा वाऱ्याशी कुस्ती खेळणार, आणि कुस्तीचा खुराक बॅटरीतून जाणार. पण दाजी स्वतः दोर आवळत होते, आणि कालच्या ओरडण्यानंतर मला तोंड नव्हतं.

अक्का पुढे बसली. सगळं लादेपर्यंत साडेआठ झाले होते. मुठीत लिंबू, मांडीवर पिशवी, पदर नाकाला. काच पूर्ण खाली. "काच लावू नगंस, जीव घाबरतो माझा," तिने आधीच बजावलं. मी गाडी चालू केली.

"कवा निघायचं?" तिने विचारलं.

"निघालो की."

तिने बाहेर पाहिलं. बांध मागे सरकत होते. "आगं बया," एवढंच ती म्हणाली. वडवणी गेली, तिने लिंबू हुंगलं. पुढचं गाव गेलं, पुन्हा हुंगलं. थंडगार वारा आत घुसून माझे कान बधिर झाले होते, पण बाईचा चेहरा जागेवर होता. मागे पोत्यांच्या मधे दाजी अंग चोरून बसले होते.

मी मात्र पडदा बघत होतो. बीड आलं तेव्हा एकोणीस टक्के. पस्तीस किलोमीटरला सोळा टक्के खाल्ले होते पठ्ठीने!

बीडचा चार्जर एका हॉटेलच्या आवारात. तिथे एक पांढरी गाडी आधीच लावलेली, मालक गायब. काचेवर नंबर लिहिलेला. फोन केला, तर मागे सनई आणि माणसांचा कालवा. "साहेब, पुतण्याला हळद लागतीय," मालक ओरडून म्हणाला. "तासाभरात येतो. जेवायला या तुमीबी, मंगल कार्यालय जवळच हाय!" गाडीला कुलूप, चार्जरची वायर निघत नाही. पावणेदहा झाले होते. बारशाची वेळ बाराची. तासभर थांबायचं, मग भरायचं, मग साठ किलोमीटर जायचं. जमत नव्हतं.

"काय झालं?" अक्काने विचारलं.

"काही नाही. गर्दी आहे. निघू आपण," मी म्हणालो. खोटं बोललो, पण तेव्हा सुचलं तेच.

गेवराईच्या पुढे

बीड ते गेवराई मी चाळीसच्या वेगाने गेलो. हमरस्त्यावर चाळीस! उसाचे ट्रॅक्टर मला ओलांडून जात होते आणि वरून हात दाखवत होते. दाजींना मात्र हा वेग फार आवडला. "आता कसं नीट चाललाय मास्तर," ते म्हणाले. गेवराईतून उमापूरच्या रस्त्याला वळलो तेव्हा आठ टक्के होते. पडदा सांगत होता, गाडी अजून एकोणीस किलोमीटर जाईल. उमापूर चोवीस होतं.

तेवढ्यात रस्त्यात मेंढरं आली. शे-दीडशे असतील, रस्ता भरून. आवाज नसल्याने एकही हलेना. एक मेंढा येऊन बंपरचा वास घेऊन गेला. हॉर्न वाजवला तशी बाभळीखालून एक बाई उठली, डोक्यावर पदर, हातात काठी. "चालू करा की गाडी, मंग हलत्याल!" ती म्हणाली.

"चालूच आहे, मावशी."

मी गाडी कडेला घेतली आणि सांगून टाकलं. सगळं. पाच किलोमीटर कमी पडतायत, पोत्यांचं वजन, टपावरचा पाळणा, उघडी काच, आणि बीडला गर्दी नव्हती तर एकच गाडी होती, तेही.

मला वाटलं अक्का चिडेल. ती दार उघडून खाली उतरली. "सामान उतरव," ती म्हणाली.

"लेकीचा आहेर वाटंत टाकायचा?" दाजी मागून ओरडले. "लोकं काय म्हणतील? रिकाम्या हातानं बारशाला?"

"पोरीला बाजरी नगं, मी पायजे," अक्का म्हणाली, आणि शेंगदाण्यांचं गाठोडं तिने स्वतः ओढून काढलं. मग ती बाजरीच्या पोत्याला लागली तसे दाजी खाली उतरले. पोत्याचं दुसरं टोक त्यांनी धरलं.

मेंढरांवाली जवळ येऊन बघत होती. तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, "ठिवा की माझ्या पालापशी. कोन नेतंय? सांच्यापातूर हाय मी हितं." बाजरी, डाळ, गूळ, भोपळा, सगळं तिच्या पालाच्या, म्हणजे राहुटीच्या, सावलीत रचलं. टपावरचा पाळणा सोडून मागच्या सीटा पाडून आत घातला. दाजी त्याच्या बाजूला अंग मुडपून बसले, एक हात राघूवर. मी गाडी सुरू करणार, तेवढ्यात ती बाई "थांबा वो" करत पळत आली. हातात दुधाने काठोकाठ भरलेली बाटली. "लेकीच्या बारशाला चाललायसा, अन् माझ्या दारावरनं रिकाम्या जाता व्हय?"

सहा नग उतरवले आणि एक चढला. अक्काने बाटली घेतली आणि त्या अनोळखी बाईच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

पडदा म्हणत होता, एकवीस किलोमीटर जाईल. अजून तीन कमी.

अक्का पडद्याकडे बघत होती. तिला आकडे वाचता येतात. "दत्त्या," तिने विचारलं, "काच लावली तर वाढंल का?"

"वाढेल थोडं. पण तू—"

"कुठनं लावायची?"

मी बटण दाखवलं. तिने ते दाबलं. काच वर सरकत गेली, वारा थांबला, आणि गाडीत एकदम सामसूम झाली. उभ्या जन्मात अक्का पहिल्यांदाच काचा लावलेल्या गाडीत बसली होती. तिने डोळे मिटले. लिंबू इतकं घट्ट धरलं की बोटं पांढरी पडली. "बोल कायतरी," ती म्हणाली. "माझं ध्यान हिकडं नगं. बोलत ऱ्हा."

अशा वेळी माणसाला काही सुचतं का? मला सुचलं ते तीस वर्षं घोकून घेतलेलं. "हायड्रोजन," मी म्हणालो. "हेलियम. लिथियम..."

"ही कोन माणसं?" दाजींनी मागून विचारलं.

"मूलद्रव्यं आहेत. सगळं जग यांचंच बनलंय. लिथियम तर आपल्या गाडीत आहे, त्याच्यावरच चाललोय."

"कुठं हाय?" अक्काने डोळे न उघडता विचारलं.

"तुझ्या पायाखाली."

तिने पाय जरा उचलून घेतले. "मंग?"

"मग बेरिलियम. बोरॉन. कार्बन." ताशी पस्तीसच्या वेगाने दोन्ही बाजूंनी कापूस आणि ऊस मागे जात होते. सोडियमला पाच टक्के. कॅल्शियमला चार. लोखंड आलं तेव्हा दाजी म्हणाले, "हे वळकतो मी." चांदीपर्यंत आलो आणि पडद्यावरचे आकडेच गेले, नुसत्या दोन रेघा उरल्या. मी घाम पुसला. पुढचं विसरलो, म्हणून पुन्हा हायड्रोजनपासून सुरू केलं. अक्काने डोळे उघडले नाहीत, पण ओठ हलत होते. ती माझ्याबरोबर म्हणत होती.

उमापूर

जावयाच्या दारात मांडव होता. बाराला दहा मिनिटं कमी. गाडी आवाज न करता मांडवाच्या तोंडाशी जाऊन थांबली आणि अर्थातच कुणाला कळलं नाही. मी हॉर्न वाजवला.

पहिली धावत आली ती मंदा. बाळंतीण, कानाला फडकं बांधलेलं, आणि दोन्ही हातांत काय? एका हातात बादली, दुसऱ्यात ओला टॉवेल. आई येणार म्हणजे काय होऊन येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अक्काने दार उघडलं. पाय खाली टेकवले. उभी राहिली. एक हात दाराला, डोळे अजून अर्धे मिटलेले. सगळे बघत होते. तिने एक लांब श्वास घेतला, मुठीतलं लिंबू मंदाच्या बादलीत टाकलं आणि म्हणाली, "बादली कशाला आनलीस गं? पोरीची आंघोळ व्हायची ऱ्हायली का?"

मंदाच्या हातातून बादली सुटली. मायलेकी मांडवाच्या तोंडाशी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी आणि दाजी पाळणा बाहेर काढण्यात अतिशय गुंतून गेलो.

मंदाची सासू भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने अक्कावरून तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. "आलात इहीनबाई," ती म्हणाली. "नऊ वर्सं लागली."

"वाट चांगली व्हती," अक्का म्हणाली. "आजपातूर गाडी चांगली न्हवती."

सासूने एकदा तिच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग तिनेच अक्काच्या दंडाला धरून तिला आत नेलं आणि हाक मारली, "अगं, साखरपाणी आना आधी!"

बारसं वेळेवर झालं. बाभळीच्या पाळण्यात चार राघूंच्या मधे पोर झोपली. नाव ठेवलं चंदा. जेवणात पुरणपोळी, आमटी आणि त्या मेंढरांवालीच्या दुधातली खीर. सायंकाळी जावई ट्रॅक्टर घेऊन पालावरून सामान आणायला गेला. सगळं तसंच होतं. वर एका गाठोड्यात पावशेर लोकर होती, बाळाच्या उशीला म्हणून तिने बांधून दिलेली.

रात्रीची जेवणं झाल्यावर जावई वायरीचं रीळ घेऊन अंगणात आला. गावठाणातली लाईट जोरात होती. "मामा, लावू का गाडी? रात्रीत फुल होईल. सकाळी निघता येईल तुम्हाला."

मी आत पाहिलं. मधल्या खोलीत अक्का भिंतीला टेकून बसली होती. चंदा मांडीवर, मंदा एका बाजूला, सासू दुसऱ्या बाजूला, आणि तिघी एकदम बोलत होत्या. अक्काच्या चपला उंबऱ्यापाशी नव्हत्या. कुणीतरी आत नेऊन ठेवल्या होत्या. जावयाचं बोलणं तिच्या कानावर गेलं असावं. ती बोलायची थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली.

दाजी उठले. गाडीजवळ गेले, बोनेटवर तळवा ठेवला आणि मान हलवली.

"लई तापलीय," ते म्हणाले. "दमून आलीय. एवढ्यात नगा पाजू."

"किती वेळ थांबायचं मग?" जावयाने विचारलं.

"दोन दिस तरी."

जावई माझ्याकडे बघायला लागला. विज्ञानाचा मास्तर. मी पुढे होऊन बोनेटवर हात ठेवला. ते गार पडलं होतं.

"तीन," मी म्हणालो.